गाठीआजाची बाजू

४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा अशासाठी, की तू खूण सरकवलीस. नाही म्हणू नकोस. मागच्या पत्रात तू धुक्याच्या बाजाराचं एवढं रसभरित वर्णन केलंस, आणि धुक्याचा बाजार येतो एकोणिसाव्या प्रकरणात. आपलं ठरलं होतं अठरापर्यंत. दोघींच्या पुस्तकात तुझ्या पहिल्या फ्रॉकच्या पिवळ्या कापडाची एकेक पट्टी मी उगाच का घातली? दुसरीचं पत्र हातात पडल्याशिवाय पट्टी पुढच्या प्रकरणात न्यायची नाही, हा नियम कोणी काढला होता? तूच ना, पहिल्या भागाच्या वेळी, नाक वर करून? आता स्वतःच चोरून खातेस. मांजरीने डोळे मिटले म्हणून दूध प्यालेलं दिसत नाही असं नाही, बाई.

काल तुझ्या बाबांना मी दोरनगरी समजावून सांगितली. चार भाग झाले, आपण दोघी त्यावरून एवढ्या भांडतो, आणि घरातल्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे काही बरं नाही. म्हटलं, एक खोल दरी आहे. दरीच्या काठावर खुंट्या ठोकल्यात आणि त्या खुंट्यांना दोरांनी टांगलेली अख्खी नगरी आहे. तिथे मूल जन्मलं की त्याच्या नावाचा एक दोर खुंटीला बांधतात. माणूस कुठेही गेला तरी जिवंत असेपर्यंत त्याचा दोर हाताला थरथरता लागतो. माणूस गेला की दोर निपचित पडतो. मग तो कापत नाहीत, उकलतात, आणि त्याचे पदर जवळच्या माणसाच्या दोरात वळून टाकतात. तिरीप नावाची आपली पोरगी पहाटे उठून खुंटीचौकात जाते आणि आईच्या दोराला हात लावते, कारण तिची आई पहिल्या भागातच मुळदोर दुरुस्त करायला तळाशी उतरली ती अजून वर आलेली नाही.

तुझ्या बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की एका दोरावर अख्खं घर, हे कोणी पास केलं? आमच्या लिफ्टला सहा दोर लागतात आणि वर्षातून दोनदा तपासणी. मी हात टेकले.

आता मुद्द्याचं. गाठीआजाबद्दल तू जे लिहिलंस ते मला मुळीच पटलेलं नाही. खुंट्या सांभाळणारा म्हातारा माणूस, तिरीपला लहानपणापासून खांद्यावर खेळवणारा, तो नगरीच्या वैरिणीला, त्या कात्रीराणीला फितूर? कशावरून? तर म्हणे, तिरीप आली तरी तो स्टुलावरून उठत नाही आणि पाय घोंगडीखाली लपवून बसतो. अगं, म्हाताऱ्या माणसाचे पाय गारठतात. मी त्याच्या बाजूची आहे, लिहून ठेव.

शिवण बरंच आहे. तब्येत बरी. पाठ थोडी कुरकुरते, तिला काय, तिचं कामच ते. अभ्यास कर. वीस आणि एकवीस वाचायची परवानगी आहे. चोरून खाल्लेल्या एकोणिसाची शिक्षा म्हणून पत्र मोठं हवं.

तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून बसणारी,
आई


१५ फेब्रुवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

चूक कबूल. पण एकोणीसच वाचलं, विसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पुस्तकाची शपथ. आमच्या खोलीतल्या चष्मिसने चौथा भाग केव्हाच संपवलाय. तिने तोंड उघडलं तर झोपेत तोंडात उशी कोंबीन अशी धमकी देऊन ठेवलीय. ती बिचारी माझ्यासमोर जेवतानासुद्धा घाबरून जेवते.

आई, एकवीस वाचून मला रडू आलं. धुकं एवढं दाट होतं की तिरीपला खुंटी दिसेना, तरी ती चाचपडत गेली, आईचा दोर हातात धरला, आणि तो थरथरला. तिने दोराला गाल लावला तिथे मी पुस्तक मिटलं. तिची आई परत येणार, शंभर टक्के येणार. दोर थरथरतोय म्हणजे ती जिवंत आहे, हा त्या जगाचा नियमच आहे, आणि लेखकाने स्वतःचा नियम मोडला तर मी पाचवा भाग विकतच घेणार नाही.

तुझ्या लाडक्या गाठीआजाबद्दल मात्र माझं मत आणखी वाईट झालंय. एकविसाव्यात काय दिसलं? धुक्यात तिरीप येताना त्याला दिसली नाही, ती अचानक शेजारी उभी राहिली, तेव्हा तो दचकला. पाय पटकन घोंगडीत ओढला. ज्याचे पाय गारठतात तो पाय आधीच पांघरून बसेल, आई! दचकून कशाला ओढेल? माझं म्हणणं, त्याच्या पायात कात्रीराणीची बेडी आहे. चष्मिसला मी हे सांगितलं तर ती नुसती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणजे माझं बरोबर असणार.

रविवारच्या फोनवर तुझा आवाज बारीक येत होता. मागे मशीन तर धडधडा चालू. नेहमीसारखा फोन खांद्यात धरून शिवत होतीस ना? मान आखडेल एक दिवस. आणि एवढं काय शिवतेस? मशीन थांबतच नव्हतं. तू शिवताना कोपरा आला की थांबतेस, कापड वळवतेस, पुन्हा सुरू करतेस. मला तो आवाज तोंडपाठ आहे, त्याच आवाजात मी लहानपणी झोपायचे. परवा मात्र आगगाडी सोडल्यासारखं सरळ.

परीक्षा सहा मार्चपासून. झाली की लगेच येते. तेव्हा समोरासमोर बसून भांडू. बाबांना सांग, दोरनगरीचे दोर जादूचे आहेत, तपासणी लागत नाही.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
ठकी


२६ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी धपाटा नाही.

अक्षर वेडंवाकडं आहे, बोटाला सुई टोचलीय म्हणून. पडद्यांचं काम आलंय. एका मोठ्या सभागृहाचे पडदे, सरळ शिलाई, कोपरा म्हणून नाही. म्हणून तुला आगगाडी ऐकू आली. कान मात्र तिखट हं तुझे. तुझे बाबा म्हणाले, की पोरगी बापाच्या धंद्यात यायला हवी होती, लिफ्टचा बिघाड नुसता ऐकून सांगितला असता.

आता तुझ्याशी थोडं भांडते, कारण समोरासमोर भांडायला अवकाश आहे. तिरीपची आई परत येईल का, हे मी सांगणार नाही. पण समज, नाही आली. गोष्टीत असं होतं. मग तिरीपने काय करावं? रोज पहाटे खुंटीशी उभं राहून तेच ते दोर चाचपणं, याला काही जगणं म्हणत नाहीत. पोरीला धुक्याच्या बाजारात केवढी कामं पडलीत. तिला शिड्या विणता येतात, अख्ख्या नगरीत तिच्यासारख्या कोणाला येत नाहीत. मी तिची आई असते तर तळातून ओरडून सांगितलं असतं, की बाई, हात सोड आणि कामाला लाग.

आणि गाठीआजा. हे बघ, माणूस काही लपवतो म्हणजे त्याच्या मनात पापच असतं असं नाही. घरात कोणी काही लपवलं, तर आपण आधी आरडाओरडा करतो आणि मग विचारतो. तू तरी तसं करू नकोस. समज, तुझंच खरं निघालं, म्हाताऱ्याने तिरीपला फसवलं. तरी तिने त्याला एकदा समोर बसवून विचारावं, की हे का केलंस, कोणी सांगितलं होतं तुला? एवढं विचारल्याशिवाय त्याच्याशी बोलणं टाकू नये. मी त्याच्या बाजूची, आणि माझं मत बदलायचं नाही.

बाविसावं वाच. मी खूण बाविसावर ठेवलीय. परीक्षा नीट दे, घाई करून पेपर सोडून येऊ नकोस, काहीही झालं तरी. हे मी मुद्दाम लिहितेय.

तुझं पत्र नाही आलं तरी तू माझ्याजवळच असतेस,
आई


२० एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीतच आहे. घरात ते खातं तुझ्या आईकडे होतं. मी फक्त पाकिटावर पत्ता लिहायचो.

तू जाऊन पंधरवडा होऊन गेला. इथे होतीस तेव्हा एक शब्द माझ्याशी बोलली नाहीस आणि रविवारचा फोनही येत नाही. सुट्टीत हॉस्टेलवरच राहणार असं तू ऑफिसात लिहून दिलंस, ते मला तिथल्या बाईंकडून कळलं. मी तक्रार करत नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन तू हसत हसत दारात आलीस आणि घरात माणसं बसली होती. ते तुझं तोंड माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

घर ओकंओकं वाटतं. कामावरून आलो की काय करावं सुचत नाही. भाजी करपते. तुझ्या आईच्या उशाशी दोरनगरीचा चौथा भाग पडला होता. म्हटलं, वाचून बघू, निदान तुम्ही दोघी कशावरून भांडत होतात ते तरी कळेल. पहिल्यापासून वाचायला हवं होतं, पण ते तीन भाग कपाटात वर आहेत आणि हा हाताशी होता. म्हणून चौथ्यापासून सुरू केलं. कोण कोणाचं कोण, काही कळेना. तरी रेटत नेलं. सध्या एकोणतिसाव्या प्रकरणावर आहे. आतली पिवळी पट्टी खूण म्हणून बरी पडते, रोज रात्री तीच सरकवतो.

दोन शंका आहेत. एक, झुलत्या घरात पाणी वर कसं चढवतात? आणि दुसरी, खुंटीचौकात हजारो दोर आहेत, मग तिरीपला पहाटेच्या अंधारात आईचाच दोर कसा सापडतो? माझ्या आयुष्यात मी इतके दोर हाताळले, पण ग्रीस लागल्यावर सगळे सारखेच. सवड झाली तर उत्तर दे. नाही दिलंस तरी चालेल.

ती तिरीप मला आवडली. जरा तापट आहे.

तुझ्या दोन ओळींनाही आनंद मानणारा,
बाबा


२९ एप्रिल

ती. बाबांस,
नमस्कार.

तुम्ही खूण हलवलीत?

ती पट्टी तिने स्वतःच्या हाताने बाविसाव्या प्रकरणात ठेवली होती. शेवटच्या पत्रात लिहिलंय तसं. माझी पट्टीही बाविसावर आहे. मी त्याच्या पुढे एक ओळ वाचलेली नाही आणि वाचणार नाही. जगात एवढी एकच जागा उरली होती, जिथे आई आणि मी अजून एकाच पानावर होतो. तुम्ही ती रोज रात्री सरकवलीत, आणि वर मला पाण्याच्या टाकीबद्दल विचारता.

आता लिहायलाच बसलेय तर सगळं लिहिते. शेजारच्या काकूंनी मला निघताना जवळ घेतलं आणि म्हणाल्या, की बिचारी जानेवारीपासून मशीनवर बसू शकली नव्हती, उठवून बसवावं लागायचं. जानेवारीपासून! मी फेब्रुवारीभर दर रविवारी फोनमध्ये मशीन ऐकलं. मार्चमध्येही, जेव्हा तुम्ही म्हणायचात की आई कामात आहे, तुझ्या अभ्यासाची चौकशी करतेय. पडदे शिवतेय म्हणे. मग मशीन कोण चालवत होतं, बाबा?

कोण चालवत होतं ते मला माहीत आहे. घरात दुसरं कोणी नव्हतंच. तुम्ही पाय मारत बसलात आणि मी इकडे आई बरी आहे असं समजून हसत होते, गप्पा मारत होते, त्या मेल्या गाठीआजाच्या पायांबद्दल बडबडत होते. मला एक रविवार तरी तिच्याजवळ बसता आलं असतं. तिचे पाय चेपता आले असते. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत. परीक्षा काय, पुन्हा देता आली असती.

खूण बाविसावर परत ठेवा. नेमकी. आणि पुस्तक मिटून ठेवा.

सुट्टीत मी येणार नाही.

ठकी


८ मे

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी कामावर, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. खालून लोक ओरडत होते. त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

मशीन मीच चालवत होतो. खरं आहे.

तू सांगितलंस तशी त्याच संध्याकाळी खूण परत ठेवायला बसलो. पण नेमकी जागा कुठली, तीन पानांचं ते प्रकरण, तिने पट्टी कुठल्या पानात ठेवली असेल? म्हणून दिव्याखाली पानं निरखली. तुला माहीत आहे, कापडावर खुणा करायचा तो निळा खडू तिच्या बोटांवरून कधी गेला नाही. पोळीवर उमटायचा, माझ्या शर्टावर उमटायचा. पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे बोट लावून पान उलटतात तिथे, पुसट निळं बोट होतं. म्हटलं, जिथे हा खडू संपेल तिथे तिचं वाचन थांबलं, तिथेच पट्टी ठेवू. म्हणजे माझ्या हातून निदान एवढं तरी नीट होईल.

बाविसाव्यात खडू होता. तेविसाव्यातही होता. मी उलटत गेलो. मी वाचलेल्या पानांवर होता, मी न वाचलेल्या पानांवर होता. थेट शेवटच्या पानापर्यंत. शेवटच्या पानावर तर अख्खा अंगठा आहे.

ठके, तिने जानेवारीपासून खडू हातात धरलाच नाही. म्हणजे हे पुस्तक तिने त्याआधी पूर्ण वाचलं होतं. मग आठवलं. डिसेंबरात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सगळं स्पष्ट सांगितलं, त्याच आठवड्यात हा भाग आला होता. गणवेशांचं काम हातात होतं, तरी मशीन थांबवून थांबवून ती पुस्तकात तोंड खुपसून बसायची. मला वाटलं, दुःख विसरायला वाचतेय, वाचू दे. संपवलं, आणि मग तुझ्याबरोबर पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. तुला कळू न देता.

मग मीही त्या रात्री शेवटपर्यंत वाचलं. एकतिसाव्या प्रकरणात काय आहे ते मी सांगणार नाही, ते सांगायचं काम माझं नाही. एवढंच सांगतो. मशीनची युक्ती माझी नव्हती. एवढी अक्कल मला कुठली? तिची होती. जानेवारीत एका दुपारी म्हणाली, की रविवारी पोरीचा फोन आला की तुम्ही मशीनवर बसा, मी पडून बोलते. मशीन ऐकू आलं नाही तर ती पहिल्या गाडीने इथे येईल. मी विचारलं, असलं हे कुठून सुचलं तुला? तर हसली, म्हणाली, एका अनुभवी म्हाताऱ्याकडून शिकले. मला वाटलं तिच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी असेल.

सुई काढून ठेवायचो, नाहीतर दोरा गुंततो. ती खाटेवरून हाताने इशारे करायची, हळू, आता जोरात. तिला हसू यायचं आणि हसलं की दुखायचं. मार्चमध्ये ती दवाखान्यात गेली. तरी दर रविवारी मी तिच्याजवळून उठून फोनच्या वेळेला घरी यायचो आणि रिकाम्या घरात पाय मारत तुझ्याशी खोटं बोलायचो. ते मला फार जड गेलं. ती नको म्हणत होती तरी तुला बोलवायला हवं होतं. तिला तू भेदरलेली बघायची नव्हतीस, आणि मला तिचा शब्द मोडवेना. यात तुझा विचार कोणी केलाच नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे.

पट्टी बाविसाव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ठेवलीय. पुस्तक मिटलंय.

तू काहीही ठरवलंस तरी तुझाच,
बाबा


१७ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी खूण काढली, टेबलावर ठेवली आणि बाविसाव्यापासून वाचत सुटले. चष्मिस शेजारी येऊन बसली. फेब्रुवारीत ती खिडकीबाहेर का बघत होती ते मला एकतिसाव्याला कळलं.

तुम्ही वाचलंय, पण मला लिहायचंय, आईला लिहिलं असतं तसं. गाठीआजाच्या पायात बेडी नव्हती. त्याच्या पायाच्या अंगठ्याला बारीक सुतळी बांधली होती, आणि तिचं दुसरं टोक तिरीपच्या आईच्या दोराला. दोर केव्हाचा निपचित पडला होता. तिरीप पहाटे आली की म्हातारा घोंगडीखाली अंगठा हलवायचा आणि दोर थरथरायचा. दुसऱ्या भागापासून! तिची आई तळाशी उतरताना त्याला सांगून गेली होती, की माझी पोरगी शिड्या विणायला शिकेपर्यंत दोर हलता राहिला पाहिजे. तिरीपला हे कळतं, ती त्याला काहीच विचारत नाही, त्याच्याकडे पाठ करते आणि निघून जाते. तिथे चौथा भाग संपतो. म्हातारा स्टुलावर बसलेला, सुतळी अजून पायात.

मग मी आईची पत्रं काढली. मी त्याच्या बाजूची आहे, लिहून ठेव. हे मी किती वेळा वाचलं असेल, आणि दर वेळी मला वाटलं ती मला चिडवतेय. ती तुमची बाजू घेत होती, बाबा. मी तुमच्याशी बोलणं टाकणार हे तिला डिसेंबरातच माहीत होतं. समोर बसवून विचारावं, कोणी सांगितलं होतं तुला, हेही लिहून ठेवलं. मी विचारलं नाही. सरळ तिरीपसारखी पाठ केली.

आणि तिने खूण सरकवली! मला एका प्रकरणावरून धपाटा, आणि स्वतः अख्खं पुस्तक फस्त करून वर मला मांजरीची गोष्ट सांगते. असा राग आला मला तिचा. दोन दिवस तिच्यावर रागावून होते. एवढे दिवस तिच्यावर रागावता येत नव्हतं म्हणून सगळा राग तुमच्यावर काढत होते, हेही त्यात कळलं. धपाटा तिला द्यायला हवा होता, आणि द्यायला ती नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, डाग पडला तर तो त्याचा.

तुमच्यावरचा राग पूर्ण गेलाय असं लिहिणार नाही. मला तिच्याजवळ बसायला हवं होतं. हे मला आयुष्यभर वाटत राहणार, आणि तुम्ही ते ऐकून घ्यायचं. पण रिकाम्या घरात तुम्ही एकटेच मशीनवर बसलेले मला सारखे दिसताय, कामाचे कपडे न बदलता, फोन खांद्यात धरून. तुम्हाला तर फोन खांद्यात धरता येतच नाही, सटकतो.

तुमच्या शंका. पाणी चरख्यांनी चढवतात, तिसऱ्या भागात आहे, कपाटावरून काढा आणि शिस्तीत पहिल्यापासून वाचा. आणि तिरीपला अंधारात आईचा दोर सापडतो, कारण लहानपणी ती त्याला धरूनच चालायला शिकली. तिचा हात आपोआप तिथे जातो.

सुट्टीचा अर्ज मी बदलून आणलाय. एकतीस तारखेला येतेय. त्याआधी येत्या रविवारी फोन करीन, नेहमीच्या वेळेला. तेव्हा मशीनवर बसा. सुई काढून ठेवा. कोण चालवतंय ते मला माहीत आहे, तरी बसा. फक्त तसं सरळ चालवू नका, बाबा. मध्ये मध्ये थांबत जा, ती कोपऱ्यावर थांबायची तसं.

तुमचीच,
ठकी